आप्पांची बिनबंदुकीची शिकार

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी कधी शिकारीला गेलं आहे का? नाही ना? जाऊही नका! १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि रानातल्या पशुपक्ष्यांची शिकार करणं हा गुन्हा ठरला. मी मात्र गेल्या फेब्रुवारीत शिकारीला जाऊन आले. तीही एकटी नाही, चक्क माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन! घाबरू नका. आमच्याजवळ बंदूक नव्हती की जाळं नव्हतं. एक जुनी दुर्बीण, थर्मासभर चहा, फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढाच आमचा सरंजाम.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा तुमच्याएवढे होते तेव्हा, म्हणजे कायदा येण्याच्या कितीतरी आधी, आजोबांबरोबर तितर-लावे धरायला जायचे. पहाटे अंधारात उठायचं, माळावरच्या बोरीच्या जाळीत फासे लावायचे आणि दबा धरून बसायचं. मग आप्पांनी तोंडाने तितराचा आवाज काढायचा. तो इतका हुबेहूब, की रानातल्या खऱ्या तितराला वाटे, आपल्या हद्दीत दुसरा कोण आला? तो तरातरा भांडायला यायचा आणि फाशात अडकायचा. अमेरिकेत टर्की नावाचा मोठा रानपक्षी आहे. तिथले शिकारी मादीसारखा आवाज काढून नराला असंच जवळ बोलावतात म्हणे. पक्ष्याला त्याच्याच भाषेत फसवायचं, ही युक्ती सगळ्या जगात सारखीच!

अशा माणसाला मी म्हटलं, "आप्पा, चला, भिगवणला पक्षी बघायला जाऊ."

आप्पा म्हणाले, "बघायला? नुसतं बघून काय करायचं? पक्षी काय सिनेमा आहे?"

मी हसले, पण मला ठाऊक होतं की खरं कारण वेगळं आहे. भिगवणचं नाव काढलं की आप्पा विषय बदलतात. आम्ही बारामतीला राहतो. भिगवण इथून तासाभराच्याही आत. शाळेची सहल घेऊन मी तिथे तीनदा गेले, पण आप्पा एकदाही आले नाहीत. कारण भिगवणच्या त्या अफाट पाण्याखाली त्यांचं गाव आहे.

हो, खरंच पाण्याखाली! तुम्ही भूगोलात उजनी धरणाचं नाव वाचलं असेल. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमा नदीवर हे धरण बांधलं आणि १९८० साली ते पूर्ण झालं. धरणाची भिंत तिकडे लांब, पण तिने अडवलेलं पाणी मागे मागे पसरत पुणे जिल्ह्यात पार भिगवणच्याही वर आलं. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. ११७ टीएमसी पाणी मावणारं हे धरण महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक आहे. त्या पाण्यावर सोलापूरकडची शेतं भिजली, ऊस उभा राहिला, शहरांना प्यायला पाणी मिळालं. पण भीमेच्या दोन्ही काठांवरची कितीतरी गावं मात्र उठली. आप्पा तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. घराचे वासे, दारं-खिडक्या बैलगाडीत घालून त्यांनी गाव सोडलं. त्यानंतर ते पाणी त्यांनी पाहिलं ते फक्त एस.टी.च्या खिडकीतून, तेही मान दुसरीकडे वळवून.

मग ते तयार कसे झाले? तर माझ्या मुलामुळे. तो पाचवीत आहे. शाळेत त्याला 'माझे गाव' असा निबंध होता. तो आजोबांजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, आपलं गाव कुठलं? बारामती तर नाही ना?" आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला हाक मारून म्हणाले, "रविवारी जाऊ म्हणतेस ना, जाऊ. पण मी होडीत बसायचा न्हाई. काठावर बसंन."

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. फेब्रुवारी असला तरी थंडी चांगलीच होती. आप्पांनी कानाला मफलर गुंडाळला होता. मी लालभडक शाल काढली, तर म्हणाले, "ही ठेव घरी. रानात जाताना मातीच्या रंगाचं घालावं. पाखराला आपल्यापेक्षा जास्त दिसतं." बघा, शिकारीचा पहिला धडा घरातच मिळाला!

पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण लागतं. तिथून आत वळलं की कुंभारगाव, डिकसळ अशी काठावरची गावं आहेत. आम्ही कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता आणि त्या पडद्याआडून आवाज येत होते. कुणी क्वँक क्वँक करतंय, कुणी शिट्टी घालतंय, कुणी नुसतंच पाणी फडफडवतंय. जशी मधल्या सुट्टीतली शाळाच! फक्त पोरं दिसत नव्हती.

आप्पा पाण्याकडे पाठ करून दगडावर बसले. मी काही बोलले नाही. तेवढ्यात होडीवाला आला. मासेमारी करणारा तरुण मुलगा होता तो. थंडीच्या दिवसांत इथले मच्छीमार लोकांना होडीतून पक्षी दाखवतात. त्याने आप्पांना विचारलं, "आबा, कुठनं आलात?"

"बारामतीहून."

"मूळ गाव?"

आप्पांनी मागे न बघताच अंगठ्याने पाण्याकडे खूण केली. होडीवाला जरा थांबला आणि हळूच म्हणाला, "आमचंबी तिकडंच हुतं. माझा आजा सांगायचा."

मग काय विचारता! कुणाचा वाडा कुठे, चिंचेचं झाड कुठे, जत्रा कधी भरायची, अशा गोष्टी सुरू झाल्या. चहा संपला तरी गोष्टी संपेनात. शेवटी होडीवाला म्हणाला, "आबा, चला की. तुमचं गाव जिथं हाय तिथनंच नेतो." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पायजमा घोट्याच्या वर खोचला आणि उठले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने होडीवाल्याने धरलं. आम्ही सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. आप्पा कुरकुरले, "मी भीमेत पोहत वाढलो, मला कशाला हे?" पण होडीवाल्याने ऐकलं नाही. त्याचं बरोबरच होतं. मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात याच उजनीच्या पाण्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. पाणी ओळखीचं असलं तरी वारा ओळखीचा नसतो.

होडी निघाली आणि धुकं विरू लागलं. पहिल्यांदा दिसले काळे काळे, कोंबडीएवढे पक्षी. चोच पांढरी आणि कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. मी मुलाला म्हटलं, "ओळख यांचं नाव!" तो गप्प. आप्पाच म्हणाले, "हे वारकरी." अगदी बरोबर! कपाळी गोपीचंदनाचा टिळा लावल्यासारखे दिसतात, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना वारकरी हे नाव दिलं. आणि ही भीमा पुढे कुठे जाते, माहीत आहे ना? पंढरपूरला. तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. तेव्हा हे वारकरी अगदी योग्य नदीवर आले आहेत!

पुढे उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाट्या काठ्यांवर चालल्यासारखे फिरत होते. बदामी-केशरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने बसले होते. चित्रबलाक पिवळी चोच पाण्यात उघडी ठेवून मासा आपणहून आत शिरायची वाट बघत होते. पांढरेशुभ्र नदी सुरय वरून सूर मारत होते.

होडीवाल्याने एका बेटाकडे बोट दाखवलं. तिथे राखट रंगाचे हंसासारखे पक्षी चरत होते. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हे पट्टकदंब. मुलांनो, या पाहुण्यांना नमस्कार करा! तिबेट, मंगोलिया, लडाख इथल्या तळ्यांवर यांची घरं. तिथे बर्फ पडू लागला की ते हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. शास्त्रज्ञांनी काही पट्टकदंबांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा ते ७,००० मीटरपेक्षाही उंचावरून उडाल्याची नोंद मिळाली. तिथे हवा इतकी विरळ असते की आपल्याला चार पावलं टाकली तरी धाप लागेल. आणि हे पंख मारत पर्वत ओलांडतात!

मी हे सगळं सांगत होते, मुलगा वहीत लिहीत होता आणि आप्पा मात्र वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. एकदम म्हणाले, "पोरा, सरळ नको जाऊस त्यांच्याकडं. तिरका जा. सरळ येणारा प्राणी म्हंजी खाणारा, हे पाखराला कळतं. आन् उभं नका राहू कुणी." होडीवाल्याने होडी तिरकी घेतली, वल्ही आत ओढली आणि होडी आपसूक वाहू दिली. खरंच! तीन सहली करूनही मी पट्टकदंबांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. त्यांचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी मोजता आले. शिकाऱ्याची विद्या अशी आमच्या कामी आली.

आणि मग दिसले रोहित! त्यांनाच फ्लेमिंगो किंवा अग्निपंख म्हणतात. दुरून वाटलं, कुणी पाण्यात गुलाबी-पांढरी धोतरं वाळत घातली आहेत. एकेक पक्षी चार-साडेचार फूट उंच, काठीसारखे पाय आणि तशीच लांब मान. आप्पांना दुर्बिणीतून काही दिसेना. मग मुलाने त्यांना दाखवलं, चष्मा असेल तर दुर्बिणीचे रबरी काठ दुमडायचे आणि मधलं चाक हळूहळू फिरवायचं. "दिसलं!" आप्पा केवढ्याने तरी ओरडले आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"अरे, हा तर उलटा खातोय!" ते कुजबुजले. बरोबरच होतं. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतो. त्याच्या चोचीत कंगव्यासारखी बारीक जाळी असते. जिभेने तो चिखलपाणी आत-बाहेर करतो, पाणी निघून जातं आणि शेवाळं, बारीक किडे, कोळंबीसारखे जीव आत राहतात. आई चहा गाळते ना, तसंच! याच अन्नातल्या रंगद्रव्यामुळे त्याला गुलाबी रंग येतो. पिल्लं मात्र जन्मतात तेव्हा राखाडी असतात. ही पिल्लं जन्मतात ती गुजरातेत कच्छच्या रणात, चिखलाच्या छोट्या बुरुजांसारख्या घरट्यांवर.

आम्ही अगदी श्वास रोखून बघत होतो. तेवढ्यात एक मोटरबोट फटफटत आली. आतली मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. कारण काय, तर पक्षी उडाले की फोटो छान येतो! झालं. सगळा थवा उडाला. लाल-काळे पंख उघडले आणि आभाळाला क्षणभर आग लागल्यासारखं झालं. अग्निपंख हे नाव का पडलं, ते कळलं. दृश्य सुंदर होतं, पण आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "आम्ही मारायला जायचो तरी असं करत नव्हतो," ते म्हणाले. "पाखरू खात असलं की त्याला खाऊ द्यावं. सारखं उठवलं तर त्यानं जगावं कशावर?" मुलांनो, आप्पांचं हे वाक्य मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

परतताना होडीवाल्याने एके ठिकाणी वल्हं थांबवलं. काही बोलला नाही. चहूकडे नुसतं पाणी. आप्पांनी लांबचं टेकाड पाहिलं, मग उजवीकडचा काठ पाहिला, मनाशी काही मोजलं आणि म्हणाले, "हितं." मग नातवाला जवळ घेऊन बोटाने दाखवायला लागले. "हा आपला वाडा. त्याच्या पुढं पिंपळाचा पार. हितं विहीर, तिला बारा महिने पाणी. आन् ते टेकाड दिसतंय ना, त्याच्या पायथ्याला आम्ही तितरं धरायचो." मुलगा भराभर वहीत नकाशा काढत होता. पाण्यात काहीच नव्हतं, पण त्याच्या कागदावर गाव उभं राहत होतं.

आप्पांनी हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. मलाही काय बोलावं सुचेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सोलापूरकडं पाणी गेलं, लोकांची पिकं आली. ते चांगलंच झालं. पण मला माझी विहीर आठवती, त्याला काय करू?" मग वारकऱ्यांच्या थव्याकडे बघत म्हणाले, "एवढी वर्षं मला वाटायचं, इथं आता कुणीच ऱ्हात न्हाई. हितं तर ही येवढी वस्ती झालीय."

मुलांनो, ही वस्तीही सुखात आहे असं नाही हं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून वाहत याच जलाशयात येतं. काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या मी स्वतः पाहिल्या. शिवाय पाऊस कमी झाला की पाणी फार खाली जातं. तेव्हा पळसदेवचं बुडालेलं जुनं हेमाडपंती देऊळ वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असंच उघडं पडलं होतं आणि लोक चालत दर्शनाला जात होते. देऊळ दिसलं म्हणून आनंद, आणि पाणी आटलं म्हणून काळजी!

परतीच्या वाटेवर एका माळाच्या कडेला आम्ही भाकरी खायला थांबलो. इंदापूर-बारामती भागात अशी गवताळ माळरानं आहेत. तिथे चिंकारा हरणं आणि लांडगेही राहतात. भाकरी खाता खाता लांबून आवाज आला, "क-तीतर, क-तीतर!" आप्पांनी घास खाली ठेवला. ओठ मुडपले, हाताचा पंजा तोंडाशी धरला आणि साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज काढला.

माळ गप्प झाला. मग उत्तर आलं. आप्पांनी पुन्हा साद दिली. या खेपेला उत्तर जवळून आलं. माझा मुलगा तर डोळे विस्फारून बघतच राहिला. गवत हललं आणि एक तितर मान उंच करून उघड्यावर आला. छाती काढून, तरातरा, अगदी दहा-बारा हातांवर! "अजून एकदा, आजोबा," मुलगा कुजबुजला.

पण आप्पांनी हात खाली घेतला. "न्हाई. आता बास. तो भांडायला आलाय बिचारा. उगं कशाला फसवायचं त्याला?" तितराने इकडे तिकडे पाहिलं, कुणी दिसेना, तेव्हा जिंकल्यासारखा ऐटीत परत गेला.

मला तेव्हा डॉ. सलीम अलींची आठवण झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ही कोणती चिमणी हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पक्ष्यांचा मोठा संग्रह दाखवला आणि त्या मुलाचं सारं आयुष्यच बदललं. पुढे ते भारताचे थोर पक्षितज्ज्ञ झाले. ते बदलले दहा-बारा वर्षांचे असताना. आमचे आप्पा बदलले चौऱ्याहत्तराव्या वर्षी. उशीर झाला, असं कोण म्हणेल?

आता तुमच्यासाठी थोडी कामाची माहिती. भिगवणला जायला नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले. पाऊस जास्त झाला तर उथळ पाणी उशिरा तयार होतं आणि रोहितही उशिरा येतात, म्हणून आधी चौकशी करून जा. पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवण स्टेशन आहे, एस.टी.ही आहे. पहाटे लवकर पोचा. मातकट रंगाचे कपडे घाला. शक्यतो वल्ह्याची होडी घ्या आणि लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका. नेलेला खाऊचा कागद परत घरी आणा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आजी-आजोबांना बरोबर न्या. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची, औषधं आणि गरम चहा विसरू नका. त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी गावात कोणते पक्षी होते? त्यांना तुम्ही काय म्हणत होता? ती नावं वहीत लिहून ठेवा. पुस्तकात नसलेलं एखादं नाव तुम्हाला नक्की मिळेल.

माझ्या मुलाच्या निबंधाला त्याच्या बाईंनी दहापैकी आठ गुण दिले. दोन गुण शुद्धलेखनाचे गेले! पण त्याने काढलेला गावाचा नकाशा आप्पांनी काचेत बसवून घेतला आहे. परवा त्यांच्या जुन्या गावातले एक स्नेही भेटायला आले. दोघं नकाशासमोर बसून तासभर भांडत होते. पार विहिरीच्या अलीकडे होता की पलीकडे?

शेवटी आप्पा मला म्हणाले, "पोरी, पुढच्या रविवारी यालाबी घेऊन जाऊ. जाग्यावर गेल्याशिवाय हा ऐकायचा न्हाई."